खोक्यावर दिलेला शब्द

माइक नॅश मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोजच्या उत्पादन-व्यवस्थापनाचे उपाध्यक्ष होते. त्यांनी सोनीचा एक छोटेखानी, महागडा लॅपटॉप घेतला. त्यावर 'विंडोज विस्टा केपेबल' असं स्टिकर होतं. आज मशीनमध्ये विंडोज एक्सपी आहे, पण विस्टा आली की तीही यावर चालेल, असा त्या स्टिकरचा सरळ अर्थ. पुढे विस्टा आली आणि लॅपटॉपवर चढलीही. पण आतल्या ग्राफिक्सच्या चिपला ती पेलेना. नव्या विंडोजची मुख्य ओळख असलेली 'एअरो' ही पारदर्शक खिडक्यांची मांडणी दिसेना, व्हिडिओ जोडायचा मूव्ही मेकर चालेना. नॅश यांनी सहकाऱ्यांना ईमेल लिहिला. त्याचा आशय असा, की मला स्वतःला याची झळ बसली आहे. २,१०० डॉलर मोजून माझ्या हाती फक्त ईमेल बघण्याचं यंत्र आलं आहे.

ज्या कंपनीने ते स्टिकर तयार केलं, त्याच कंपनीच्या उपाध्यक्षाला त्यावरून मशीन पारखता आलं नाही. मग दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने काय करायचं?

हा ईमेल जगासमोर आला तो एका दाव्यामुळे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका ग्राहक महिलेने सिएटलच्या संघीय जिल्हा न्यायालयात मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. फेब्रुवारी २००८ मध्ये न्यायाधीश मार्शा पेचमन यांनी त्याला समूह-दाव्याचा दर्जा दिला. त्याच सुमारास कंपनीच्या अंतर्गत ईमेलचा मोठा गठ्ठा खुला झाला. अपग्रेड घेतलं आणि ते आपल्या मशीनवर चालेना, ही तक्रार करणारे असंख्य असतात. 'तुमच्याच मशीनचा प्रॉब्लेम आहे', 'पाकीट फोडलंत, आता परत नाही' एवढं ऐकून माणूस घरी जातो आणि प्रकरण तिथेच मिटतं. या खटल्यात मात्र विकणाऱ्याच्या घरात त्याच वस्तूबद्दल काय बोलणं चाललं होतं, ते आपल्याला वाचायला मिळतं. म्हणून तो जरा निवांतपणे पाहण्यासारखा आहे.

विस्टा २००६ च्या नाताळाआधी दुकानात येईल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. मार्च २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की घरगुती ग्राहकांसाठी ती जानेवारी २००७ मध्येच येईल. अमेरिकेत नाताळाचा हंगाम म्हणजे आपली दिवाळी. संगणकांची मोठी विक्री त्या काही आठवड्यांत होते. नवी विंडोज जानेवारीत येणार असेल, तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एक्सपीचं मशीन कोण घेईल? गिऱ्हाईक थांबणार, ही भीती संगणक बनवणाऱ्यांना होती, चिप बनवणाऱ्यांना होती आणि खुद्द मायक्रोसॉफ्टलाही होती. म्हणून एप्रिल २००६ पासून एक्सपीच्या मशीनवर हे स्टिकर लागू लागलं. थांबू नका, आजच घ्या, उद्याची सोय यात आहे, असा तो निरोप होता. पुढे ऑक्टोबर २००६ पासून नवं मशीन घेणाऱ्यांना विस्टाचं अपग्रेड फुकट किंवा सवलतीत देण्याची योजनाही सुरू झाली.

स्टिकरसाठी लागणारी किमान पात्रता अगदी खालची होती: ८०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट मेमरी आणि ठरावीक दर्जाची ग्राफिक्स चिप. एवढ्यावर विस्टाची 'होम बेसिक' ही सगळ्यात साधी आवृत्ती चालत असे आणि तिच्यात एअरो नव्हतीच. एअरोसाठी 'प्रीमियम रेडी' अशी वेगळी पायरी होती. तिला १ गिगाहर्ट्झ, १ गिगाबाइट मेमरी, १२८ मेगाबाइट ग्राफिक्स मेमरी आणि नव्या पद्धतीचा ग्राफिक्स ड्रायव्हर लागे. जाहिरातीत दाखवली जाणारी विस्टा ही दुसरी. स्टिकर मात्र बहुतेक वेळा पहिलीबद्दल बोलत होतं.

इथे ड्रायव्हरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण अपग्रेडच्या भांडणांचं मूळ फार वेळा इथेच सापडतं. विंडोज किंवा कुठलीही ऑपरेटिंग सिस्टीम प्रिंटरशी, स्कॅनरशी, ग्राफिक्स चिपशी थेट बोलत नाही. मध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाषा असतो आणि तो सहसा त्या त्या यंत्राचा उत्पादक लिहितो. ऑपरेटिंग सिस्टीमने आपली भाषा बदलली की प्रत्येक दुभाष्याला नव्याने शिकावं लागतं. विस्टाने ग्राफिक्सची भाषा मुळापासून बदलली होती. आता यंत्र जुनं असेल तर त्याच्या उत्पादकाला नवा ड्रायव्हर लिहिण्यात काही मिळकत नसते. त्याला नवं यंत्र विकायचं असतं. म्हणजे धडधाकट प्रिंटर घरात असतो, नवी विंडोज पैसे देऊन घेतलेली असते, आणि दोहोंमधला दुवा लिहिण्याची जबाबदारी अशा तिसऱ्या माणसावर असते ज्याच्याशी आपला करारच नसतो. आपण ज्याला पैसे दिले तो त्या तिसऱ्याकडे बोट दाखवतो.

इंटेलच्या ९१५ या चिपसेटचं असंच झालं. विस्टाचा नवा ग्राफिक्स ड्रायव्हर त्यावर चालणार नव्हता. आधी मायक्रोसॉफ्टने ठरवलं होतं की या नव्या ड्रायव्हरची क्षमता नसलेल्या मशीनला स्टिकर द्यायचं नाही. तसं झालं असतं तर ९१५ बसवलेली सगळी मशीन बाद ठरली असती आणि इंटेलकडे त्या चिपा अजून विक्रीला होत्या. २००६ च्या सुरुवातीला ती अट काढून टाकण्यात आली. जॉन काल्कमन या मायक्रोसॉफ्टच्याच अधिकाऱ्याने नंतर एका ईमेलमध्ये स्वच्छ लिहिलं, की इंटेलला तिमाहीची कमाई गाठता यावी, ९१५ चे मदरबोर्ड विकत राहता यावेत, म्हणून आपण अट खाली आणली.

या निर्णयाने सगळ्यात जास्त दुखावली गेली ती एचपी. मूळ अट खरी मानून तिने चांगल्या ग्राफिक्सची मशीन तयार करण्यावर पैसा घातला होता. आता कमी खर्चाच्या मशीनवरही तेच स्टिकर लागणार होतं. प्रामाणिकपणे तयारी करणाऱ्याला तोटा आणि न करणाऱ्याला लाभ, असा उलटा न्याय झाला. विंडोजचं काम पाहणारे जिम ऑलचिन या बदलावर नाराज होते. आपण हे सगळं बिघडवून ठेवलं, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलं आहे. वॉलमार्टसारख्या मोठ्या विक्रेत्यानेही नाराजी कळवली. पात्रता खाली आणली तर गिऱ्हाईक गोंधळेल, हे काउंटरवर उभं राहणाऱ्यांना बरोबर समजलं होतं. ती नाराजी वर पोचवताना मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने लिहिलं, की मागाहून निस्तरण्यात पैसे घालण्यापेक्षा आत्ताच ग्राहकासाठी योग्य ते करणं कितीतरी स्वस्त पडेल. माझ्या मते त्या गठ्ठ्यातलं हे सगळ्यात शहाणं वाक्य आहे आणि ते वेळेत लिहिलं गेलं होतं.

जॉन शर्ली हे मायक्रोसॉफ्टचे माजी अध्यक्ष, पुढे संचालक मंडळावर. विस्टा आल्यावर त्यांनी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांना कळवलं, की माझ्या प्रिंटरला, स्कॅनरला, फिल्म स्कॅनरला ड्रायव्हरच नाहीत. प्रिंटर तर त्या वेळी बाजारात विकला जाणारा, वरच्या दर्जाचा होता. स्कॅनरसाठी ड्रायव्हर कधीच निघणार नाही असं उत्पादकाने सांगून टाकलं होतं. त्यांनी आपलं एक मशीन विस्टावर नेलं आणि दुसरं तसंच ठेवलं. यावर कंपनीतले वरिष्ठ अधिकारी स्टीव्हन सिनोफ्स्की यांनी कारणं दिली. विस्टा कधी खरंच बाहेर येईल यावर कुणाचा विश्वासच नव्हता, म्हणून उत्पादकांनी ड्रायव्हरचं काम फार उशिरा सुरू केलं. आतली रचना इतकी बदलली की एक्सपीचे बरेच ड्रायव्हर निकामी झाले. आणि तिसरं कारण ९१५ सारख्या चिपांचं. निदान अचूक होतं. पण त्यातला एक शब्दही खोक्यावर छापलेला नव्हता.

आता निकाल. समूह-दाव्यात एक पेच असतो. स्टिकर पाहून आपण फसलो, असं म्हणायचं तर कुणी स्टिकर वाचलं, कुणी नाही, कुणाला दुकानदाराने समजावून सांगितलं, अशी प्रत्येकाची कथा वेगळी होते. म्हणून वकिलांनी दुसरी वाट धरली. स्टिकरमुळे या मशीनची मागणी वाढली, मागणी वाढल्यामुळे किंमत चढली, म्हणजे स्टिकर वाचणारा-न वाचणारा प्रत्येकजण जादा पैसे देऊन बसला, असा तो युक्तिवाद होता. समूहाचा दर्जा मिळाला तो याच मुद्द्यावर. पण त्या काळात किमती नेमक्या स्टिकरमुळे किती हलल्या, हे आकड्यांनी वेगळं काढून दाखवणं जमलं नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये पेचमन यांनी समूहाचा दर्जा काढून घेतला. ज्याला लढायचं त्याने एकट्याने लढावं. काही शे डॉलरसाठी एकटा माणूस अशा कंपनीशी किती लढणार?

त्या निकालात कायद्याच्या दृष्टीने चूक काढता येणार नाही. तरीही मला वाटतं की प्रश्नच वेगळा विचारायला हवा होता. किंमत चढली की नाही हे अर्थशास्त्रज्ञ सांगतील. हे मशीन ते काम करणार नाही, हे कुणाला आधी माहीत होतं? विकणाऱ्याला माहीत होतं. मग ते सांगण्याचा भार त्याच्यावरच यायला हवा.

विस्टाच्या खोक्यात आणखी एक खोच होती. अपग्रेडचं खोकं पूर्ण आवृत्तीपेक्षा बरंच स्वस्त होतं: होम प्रीमियमची पूर्ण आवृत्ती २३९ डॉलरला, अपग्रेड १५९ ला. कमी पैशात मिळतं म्हणून लोक अपग्रेड घेत. पण अपग्रेड म्हणजे स्वतंत्र वस्तू नव्हे, आधीच्या परवान्यावर चढवलेला मजला. खाली जुनी विंडोज नसेल तर तो उभा राहत नाही. विस्टाच्या अपग्रेडला एक्सपी किंवा विंडोज २००० लागे. ज्यांच्याकडे विंडोज ९८ होती त्यांना ते चालणारच नव्हतं. त्यातही पुढची मेख पाहा. एखाद्याकडे एक्सपी प्रोफेशनल आहे आणि त्याने होम प्रीमियमचं अपग्रेड आणलं, तर परवान्याच्या दृष्टीने तो पात्र होता. पण जुन्या विंडोजवरच नवी चढवून सगळे प्रोग्रॅम, सगळी सेटिंग जागच्या जागी ठेवणं त्याला शक्य नव्हतं. विस्टा नव्याने टाकायची आणि मग एकेक प्रोग्रॅम परत बसवायचा. एक्सपी होम असलेल्याला हा त्रास नव्हता. म्हणजे ज्याने आधी महागडी आवृत्ती घेतली होती तोच अडकला. सवलतीत घेणं आणि आपलं सगळं जसंच्या तसं पुढे जाणं, हे दोन वेगळे व्यवहार आहेत. गिऱ्हाईक मात्र 'अपग्रेड' ऐकतं तेव्हा त्याच्या मनात दुसराच असतो.

खोक्यावर काय छापलं आहे आणि त्याला कितपत किंमत द्यायची, हा वाद विस्टाच्या वीस वर्षं आधी अमेरिकेत गाजला होता. त्याची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे.

१९८६ साली स्टेप-सेव्हर नावाची एक कंपनी वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या ऑफिसांना तयार संगणक-व्यवस्था पुरवत असे. त्या वर्षी तिने एक नवी जुळणी केली: मध्ये आयबीएमचा एटी संगणक, त्याला केबलने जोडलेले वाइज कंपनीचे टर्मिनल, आणि एकाच संगणकावर अनेकांनी काम करावं यासाठी 'द सॉफ्टवेअर लिंक' या कंपनीचं 'मल्टिलिंक ॲडव्हान्स्ड'. त्यावर डॉसचे नेहमीचे प्रोग्रॅम चालायचे होते. नोव्हेंबर १९८६ ते मार्च १९८७ या काळात अशा १४२ व्यवस्था विकल्या गेल्या आणि जवळजवळ बसवल्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. तीन कंपन्यांनी एकत्र बसून दुरुस्तीचा प्रयत्न केला, पण दोष नेमका कुणाचा यावरच एकमत होईना. टर्मिनलवाला सॉफ्टवेअरकडे बोट दाखवी, सॉफ्टवेअरवाला इतर प्रोग्रॅमकडे. शेवटी किमान बारा गिऱ्हाइकांनी स्टेप-सेव्हरवरच दावे लावले. तिने मग आपल्या पुरवठादारांना कोर्टात खेचलं.

सॉफ्टवेअरवाल्यांचा बचाव खोक्यावर छापलेला होता. त्या मजकुराचा सारांश असा: हे सॉफ्टवेअर विकलेलं नाही, वापरण्याचा परवाना दिला आहे, चकतीत दोष नाही एवढीच हमी, बाकी कसलीही नाही, चकती सदोष निघाली तर बदलून मिळेल, तेवढाच इलाज, आणि पाकीट उघडलं की हे सगळं तुम्हाला मान्य. मान्य नसेल तर न उघडता पंधरा दिवसांत परत करा.

पण व्यवहार कसा झाला होता? स्टेप-सेव्हर फोनवरून मागणी नोंदवी, समोरचा माल पाठवतो म्हणून सांगे, मग लेखी ऑर्डर जाई, माल आणि बिल येई. काय घ्यायचं, दर, पाठवणी सगळं त्या ऑर्डरमध्ये लिहिलेलं असे. 'कसलीही हमी नाही' हे मात्र त्या फोनवर कधी निघालं नाही. उलट तसल्या अटी असलेल्या करारावर सही करा, असं दोनदा सांगूनही स्टेप-सेव्हरच्या अध्यक्षांनी सही केली नव्हती, आणि तरीही माल येतच राहिला होता.

१९९१ मध्ये तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल दिला. तो लिहिला न्यायाधीश जॉन मायनर विस्डम यांनी. वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात दक्षिणेतल्या ज्या मोजक्या न्यायाधीशांनी ठाम निकाल दिले त्यांतले हे एक. इथे ते पाहुणे न्यायाधीश म्हणून बसले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. मागणी नोंदवली, ती मान्य झाली, माल निघाला, म्हणजे करार झाला. मागाहून खोक्यावर छापून आलेल्या अटी हा करार बदलण्याचा प्रस्ताव ठरतो. समोरच्याने तो उघडपणे स्वीकारल्याशिवाय त्याला बळ नाही. हमी मोडल्याचा मुद्दा त्यांनी पुन्हा चालवायला परत पाठवला.

हे चित्र फार काळ टिकलं नाही. १९९६ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने प्रोसीडी या कंपनीच्या सॉफ्टवेअर-परवान्याच्या प्रकरणात न्यायाधीश फ्रँक ईस्टरब्रुक यांच्या लेखणीतून उलट दिशा धरली: खोक्याच्या आत असलेल्या अटीही बांधून ठेवतात, फक्त त्या वाचून न पटल्यास माल परत करण्याची संधी मिळायला हवी. आज आपण सॉफ्टवेअर टाकताना 'मला मान्य आहे' या बटनावर जे क्लिक करतो, त्याला अमेरिकेत पाठबळ मिळालं ते अशा निकालांमधून. पण ईस्टरब्रुक यांच्या विचाराचाही कणा परत करण्याची संधी हाच आहे. 'पाकीट फोडलं की परत नाही' असं सांगणारा दुकानदार या दोन्ही निकालांच्या विरुद्ध उभा असतो. अटी आत ठेवायच्या आणि आत बघितलं म्हणून परतीचा रस्ता बंद करायचा, हे कुठल्याच न्यायाला धरून नाही.

आपल्याकडे मराठी वाचकाला या प्रश्नाची खरी धग कळेल ती डीटीपीच्या दुकानात. एका डीटीपीवाल्याच्या टेबलाखाली मी एक पांढुरका, जुना टॉवर पाहिला आहे. मागच्या पंचवीस पिनांच्या पोर्टमध्ये दोन बोटं रुंद असं लॉक अडकवलेलं, त्यावर सेलोटेप. ते लॉक काढलं की मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर चालत नाही. टॉवरवर इंटरनेट नाही, अँटिव्हायरस नाही, कुणी त्याला हात लावायचा नाही. पानं लावायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरमध्ये लावलेली कित्येक वर्षांची पुस्तकं, पंचांगं, स्मरणिका त्यात आहेत. शेजारी नवं मशीन असतं, पण जुन्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली की हा टॉवर सुरू करावा लागतो.

हे असं का, ते त्या फाइलच्या आत पाहिलं की कळतं. युनिकोड रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असे. कृतिदेव फॉन्टमध्ये 'काम' हा शब्द मशीनच्या लेखी 'डी', 'के', 'ई' ही तीन इंग्रजी अक्षरं असतो. फॉन्ट तेवढा त्यांना मराठी चेहरा देतो. दुसऱ्या फॉन्टमध्ये त्याच अक्षरांच्या जागा वेगळ्या. फॉन्ट गेला की पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि अर्धविराम उरतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७, आली २००१ मध्ये. तिच्या फाइल इनडिझाइन या पानं लावायच्या नंतरच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येत, पण त्याच्या सीएस६ या आवृत्तीपर्यंतच. २०१३ पासूनच्या आवृत्त्या त्या उघडत नाहीत. आणि विंडोजची ६४ बिटांची आवृत्ती जुन्या लॉकचा ड्रायव्हर आत घेत नाही.

आता कल्पना करा, हा डीटीपीवाला नवं मशीन, नवी विंडोज आणि पानं लावायचं नवं सॉफ्टवेअर एकाच वेळी घेतो. घेताना विचारतो, 'माझ्या जुन्या फाइल उघडतील ना? लॉक चालेल ना?' 'सगळं चालतं हो,' असं उत्तर मिळतं. चालत नाही. विक्रेता म्हणतो, सॉफ्टवेअर तर सुरू होतंय, मग दोष कसला?

भारतीय कायदा इथे बऱ्यापैकी त्याच्या बाजूने आहे. सॉफ्टवेअर ही वस्तू आहे की नाही हा पहिला प्रश्न. तयार, खोक्यात मिळणारं सॉफ्टवेअर 'माल' ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश या प्रकरणात ठरवलं. ते प्रकरण विक्रीकराचं होतं, पण 'आम्ही काही विकलंच नाही, नुसता परवाना दिला' या म्हणण्याला त्यामुळे आपल्याकडे जोर राहत नाही. दुसरी शंका अशी, की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार ग्राहक आयोगात चालते का? व्यापारी हेतूने घेतलेल्या मालाची चालत नाही. मात्र स्वतःच्या कष्टावर, पोटापाण्यासाठी काम करणारा माणूस कायद्याने ग्राहकच आहे. स्वतः मशीनवर बसणारा डीटीपीवाला यात बसतो. पंचवीस नोकर ठेवलेला छापखाना बसेलच असं नाही.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने एक मोठी अडचण दूर केली. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीत किंवा बंगळूरुत असला तरी सांगलीच्या माणसाला सांगलीतच दाद मागता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. सदोष माल परत घ्यायला आणि बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ऑनलाइन खरेदी असेल तर २०२० चे ई-कॉमर्स नियम आणखी स्पष्ट आहेत: जाहिरातीत किंवा ठरल्याप्रमाणे गुण नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. अपग्रेडच्या भांडणात हाच शब्द कामाचा आहे. वस्तू मोडकी असायला हवी असं नाही. ती सांगितल्यासारखी नसली तरी पुरे.

एक फट मात्र राहिली आहे. 'मला मान्य आहे'च्या आड दडलेली अट अन्यायकारक आहे, ती रद्द करा, असं म्हणायचं असेल तर जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही. राज्य आयोगाकडे जावं लागतं. चार-पाच हजारांच्या अपग्रेडसाठी कोण राज्य आयोगाच्या चकरा मारणार? हा अधिकार जिल्ह्यालाही मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

विस्टाच्या खटल्यात जो प्रश्न विचारलाच गेला नाही, तो युरोपीय संघाने कायद्यात घातला आहे. डिजिटल वस्तूंबद्दलचा २०१९ चा त्यांचा निर्देश १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात सुसंगती, म्हणजे तशा वस्तू ज्या मशीनवर आणि सॉफ्टवेअरवर नेहमी वापरल्या जातात त्यांवर ती चालणं, हा वस्तूच्या गुणाचाच भाग मानला आहे. एकदाच पुरवलेल्या वस्तूत पहिल्या वर्षात तक्रार उभी राहिली तर ती वस्तू मुळात ठीक होती, हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. ग्राहकाने मशीन तपासू देण्यापुरतं सहकार्य करायचं. 'तुमचं मशीनच जुळत नाही' असं म्हणून विक्रेत्याला सुटता येतं, पण त्यासाठी त्याने दोन गोष्टी दाखवायला हव्यात: मशीन खरोखर जुळत नव्हतं, आणि काय लागेल ते त्याने व्यवहार होण्याआधी, स्पष्ट आणि समजेल अशा भाषेत सांगितलं होतं. ९१५ चं स्टिकर या कसोटीवर टिकलं नसतं.

आपल्याकडे असं नेमकं कलम नाही. त्यामुळे 'आधी काय सांगितलं होतं' याचा पुरावा ग्राहकालाच जपावा लागतो. दुकानात तोंडी विचारलेलं कोर्टात टिकवणं अवघड असतं, म्हणून तोच प्रश्न व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर विचारावा. तोही मोघम नको. 'नवीन सॉफ्टवेअर चालेल का?' याला कुणीही हो म्हणेल. 'माझ्याकडे विंडोजची ही आवृत्ती, इतक्या बिटांची, पेजमेकर ७ च्या फाइल, पॅरलल पोर्टचं लॉक, प्रिंटरचं हे मॉडेल आहे. तुमचं हे सॉफ्टवेअर घेतल्यावर यातलं काय चालणार नाही?' असं विचारलं की समोरच्याला शोधून उत्तर द्यावं लागतं. आलेलं उत्तर, खोक्याच्या मागच्या बाजूचा किंवा विक्रीच्या पानावरचा 'किमान गरजा' हा मजकूर, बिल आणि स्क्रीनवर आलेल्या त्रुटीच्या संदेशाचा तारखेसह फोटो एकत्र ठेवावा. जुनी व्यवस्था लगेच पुसू नये. तिच्यावर काम चालत होतं, हेही दाखवावं लागतं. विक्रेत्याला आधी लेखी कळवावं आणि उत्तराला पंधरा दिवस द्यावेत. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. बरीच प्रकरणं या टप्प्यावरच सुटतात. नाही सुटलं तर आयोगातल्या अर्जात 'सॉफ्टवेअर बिघडलेलं आहे' असं लिहू नये. 'अमुक तारखेला मी हे विचारलं, मला हे उत्तर मिळालं, त्यावर विसंबून मी इतके रुपये दिले आणि वस्तू त्याप्रमाणे नाही' असं लिहावं.